रंगांची हूल: लंडन, पोर्ट्समथ, लिव्हरपूल

आमच्या घरात रंग दोन प्रकारचे. मी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे माझा रंग ट्यूबमधून येतो. ह्यांची सगळी नोकरी मुंबईच्या गोदीत जहाजांच्या रंगकामावर देखरेख करण्यात गेली, त्यामुळे ह्यांचा रंग वीस लिटरच्या डब्यातून येतो. २०१७ मध्ये लंडनहून भाच्यानं एका फेरीबोटीचा फोटो पाठवला. अंगभर काळेपांढरे पट्टे, मध्येच लाल, पिवळं काहीतरी. मी म्हटलं, "इंटरमिजिएटचा संकल्पचित्राचा पेपर कुणीतरी बोटीवर सोडवलाय." हे फोटो मोठा करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मास्किंग टेप किती गेली असेल!" फोटोखाली भाच्यानं लिहिलं होतं, "मामा, पहिल्या महायुद्धात खऱ्या बोटी अशाच रंगवायचे. या बघायला."

गेलो शेवटी, जून २०१९ मध्ये. तीन आठवडे भाच्याकडे हाऊन्स्लोला मुक्काम. त्यातले पाच दिवस फक्त रंगवलेल्या बोटींसाठी काढले, त्यांचीच ही हकिगत. विश्वचषक चालू होता आणि पाऊस विश्वचषकापेक्षा जास्त फॉर्मात होता, हे आधीच सांगून टाकते.

दिवस पहिला: लंडन

टॉवर ब्रिजच्या शेजारी थेम्समध्ये एचएमएस बेलफास्ट उभी आहे. मार्च १९३८ मध्ये पाण्यात उतरलेली ही क्रूझर, म्हणजे आमच्या गोष्टीतल्या मधल्या पिढीची, दुसऱ्या महायुद्धातली. तिच्या अंगावरचे निळसर आणि करडे तिरपे तुकडे ती नोव्हेंबर १९४२ ते जुलै १९४४ या काळात वागवत होती, तेच आता पुन्हा रंगवले आहेत. पुलावरून पाहिलं तर वाटतं, कुणीतरी जहाज कापून तुकडे थोडे सरकवून परत जोडलंय.

आत ज्येष्ठ स्वयंसेवक असतात. त्यातल्या एका आजोबांना आम्ही मुंबईचे आणि हे गोदीतले, एवढं कळलं, मग त्यांनी आम्हाला सोडलंच नाही. पुढच्या तोफा कुठे रोखल्यात, ओळखा म्हणाले. मी संसद म्हटलं. तर म्हणे सुमारे वीस किलोमीटरवर, मोटारवेवरच्या एका विश्रांतिस्थळावर! तोफांचा पल्ला किती होता हे लोकांना कळावं म्हणून. तिथे कॉफी पिणाऱ्यांना हे माहीत असतं का, हे मी विचारायचं राहिलं.

याच आजोबांनी माउंटबॅटनचा गुलाबी रंग सांगितला. आपल्याला फाळणीच्या वेळचे व्हाइसरॉय म्हणून ठाऊक असलेले माउंटबॅटन तेव्हा विनाशिकांचा ताफा सांभाळत होते. १९४० मध्ये संध्याकाळच्या वेळी ताफ्यातली एक प्रवासी बोट बाकीच्यांच्या आधी दिसेनाशी झाली. तिचा रंग जांभळट करडा होता. माउंटबॅटननी आपल्या विनाशिकांना गुलाबीसर रंग फासला. संधिप्रकाशात तो बरा चालायचा, भर दुपारी मात्र बोट उलट उठून दिसायची. हे ताबडतोब म्हणाले, "शेड कार्ड घरात बघून रंग घेतला की असंच होतं."

बेलफास्टवरच्या शिड्या जवळजवळ उभ्या आहेत आणि मजले नऊ. साडी नेसून जाऊ नका. पाठीवरची सॅकसुद्धा अडकते.

दुपारी पिकॅडिलीला रॉयल अकादमीच्या बर्लिंग्टन हाउसमध्ये गेलो. तिथे बोट नाही. चौकात जोशुआ रेनॉल्ड्सचा पुतळा आहे, आणि आम्ही गेलो तेव्हा उन्हाळी प्रदर्शनाची रांग होती. ह्यांनी दोनदा विचारलं, "इथे काय बघायचंय?" मी बाकावर बसवून सांगितलं ते असं.

फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीनं पाणबुड्यांना मोकळीक दिली: बोट दिसली की बुडवा, इशाऱ्याची गरज नाही. एकट्या एप्रिलमध्ये साडेआठ लाख टनांहून जास्त जहाजं तळाला गेली. नॉर्मन विल्किन्सन नावाचे एक सागरचित्रकार तेव्हा नौदलाच्या राखीव दलात होते. रेल्वेची पोस्टर्स करायचे, टायटॅनिकच्या धूम्रपानकक्षातलं चित्रही त्यांचंच होतं. डेव्हनपोर्टला परतताना गाडीच्या गारठलेल्या डब्यात त्यांच्या डोक्यात आलं की जहाज लपवता येत नाही, तो नादच सोडलेला बरा. आकाश क्षणाक्षणाला बदलतं. सकाळी जो करडा मिसळून जातो, तो दुपारी काळा दिसतो, आणि वर धुराडं धूर सोडतंच. मग दिसू दे ना! फक्त बघणाऱ्याला ते कुठे चाललंय हे कळता कामा नये.

खो-खो खेळलेल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. पळणारी मुलगी डावीकडे झुकते आणि उजवीकडे सुटते. मागच्या मुलीला ती लख्ख दिसत असते, तरी हात भलतीकडे पडतो. आपण त्याला हूल देणं म्हणतो. इंग्रज त्याला डॅझल म्हणाले.

पाणबुडीला ही हूल का लागू पडते, तर टॉर्पेडो बोटीवर नेम धरून सोडतच नाहीत. तो सोडतात मोकळ्या पाण्यावर, बोट पुढे जिथे पोचणार असेल तिथे. त्या काळच्या टॉर्पेडोला हजार मीटर जायला साधारण मिनिट लागायचं. तेवढ्यात दहा नॉटची मालवाहू बोट तीनशे मीटर सरकलेली असते. म्हणजे तिचा वेग, अंतर आणि मुख्य म्हणजे दिशा, तिन्ही ओळखायचं, आणि तेही पेरिस्कोप काही सेकंद वर काढून, कारण जास्त वेळ ठेवला तर पाण्यावर उमटणारी त्याची रेघ वरच्यांना दिसते. दिशेचा अंदाज थोडा जरी चुकला तरी पाणबुडी चुकीच्या जागी जाऊन दबा धरते. विल्किन्सनचा सगळा रोख या पहिल्या नजरेवर होता.

आणि हे काम त्यांनी बर्लिंग्टन हाउसमध्ये मांडलं, अकादमीच्या स्टुडिओंमध्ये. जहाजांची लाकडी मॉडेल्स बनवायची, ती रंगवायची, फिरत्या पाटावर ठेवून पेरिस्कोपमधून बघायची. फसलो तर नमुना पास! पास झालेल्या नमुन्याचा नकाशा गोदीकडे जायचा. रंगवणाऱ्यांत कलाशाळेतल्या बऱ्याच मुली होत्या. त्यांतल्याच एव्हलिन मॅकेन्झीशी विल्किन्सननी १९१८ मध्ये लग्न केलं. राजे पाचवे जॉर्ज एकदा बघायला आले. ते स्वतः नौदलात वाढलेले. पेरिस्कोपमधून बघून त्यांनी बोट दक्षिणेकडे जातेय असं ठामपणे सांगितलं. ती होती पूर्व-आग्नेयेला.

"म्हणजे पाच माणसांचं काम पंचवीस जणींनी बसून केलं," हे म्हणाले. मी उठलेच.

दिवस दुसरा: पोर्ट्समथ

सकाळी वॉटर्लूहून गाडी. पाऊस गाडीच्या आधी पोचला होता.

पोर्ट्समथची ऐतिहासिक गोदी हे एक मोठं आवार आहे. एकाच तिकिटात बरीच ठिकाणं होतात आणि ते वर्षभर चालतं, म्हणून सुटं तिकीट घेऊ नका. बहुतेक लोक नेल्सनच्या व्हिक्टरी या जुन्या युद्धनौकेकडे पळतात. तिच्या बाजूच्या सुक्या गोदीत एक बुटकी, सपाट बुडाची, काळ्या, निळ्या, पांढरट पट्ट्यांची बोट बसलेली असते, तिच्याकडे आधी लक्षच जात नाही. ही एम-३३. दुसऱ्या महायुद्धातल्या बोटी अजून बऱ्याच आहेत, पण पहिल्या महायुद्धात लढलेल्या ब्रिटिश युद्धनौका हाताच्या बोटांवर मोजाव्या एवढ्या उरल्या आहेत. ही त्यांतली एक.

इतकी साधी बोट मी पाहिली नव्हती. १९१५ मध्ये बेलफास्टला सात आठवड्यांत बांधली. चोपन्न मीटर लांब, उथळ पाण्यात किनाऱ्याजवळ जाता यावं म्हणून बूड चपटं, आणि एवढ्याशा अंगावर दोन सहा इंची तोफा. बहात्तर माणसं. त्याच ऑगस्टमध्ये ती तुर्कस्तानात गॅलिपोलीला सुव्हलाच्या किनाऱ्यावर तोफा डागत होती. नंतर १९१९ मध्ये उत्तर रशियात द्विना नदीवर. पट्टे मात्र गॅलिपोलीच्या वेळचे नव्हेत, ते १९१८ चे. आत गॅलिपोलीचा चलत्पट भिंतीवर दाखवतात आणि बाहेर तीन वर्षांनंतरचे कपडे. मला त्याचं काही वाटलं नाही, पण ह्यांना खटकलं.

इथे पायऱ्या उतरून गोदीच्या तळाशी जाता येतं. वर पाऊस, आणि खाली बोटीच्या पोटाखाली आम्ही दोघंच कोरडे! ह्यांना एवढं खूश मी मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. रिव्हेटांची रांग, पत्र्यावर पत्रा चढवलेला जोड, सगळं हातानं दाखवत चालले होते. मग थांबले आणि वर पट्ट्यांकडे बघत म्हणाले, "अगं, ही कड बघ."

एक निळा पट्टा नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, तिरपा वर चढत होता. समोरून तो सरळ वाटतो. जवळ गेल्यावर दिसलं की पत्रा जिथे वळतो तिथे तो पट्टाही रुंद होत जातो, कारण कागदावरची सरळ रेघ गोल अंगावर सरळ राहत नाही, तिला मुद्दाम वाकडी काढावी लागते तेव्हा कुठे ती लांबून सरळ दिसते. "नकाशा सपाट असतो, बोट सपाट नसते," हे म्हणाले. "प्लॅन हातात दिला आणि सांगितलं मार, असं होत नाही. फळीवर बसलेल्याला फक्त हातभर पत्रा दिसतो. कुणीतरी लांब उभं राहून ओरडावं लागतं, वर घे, खाली घे."

वर्गात मी कर्तव्यभूमिती शिकवली, पण ती कागद सोडून कधी कुठे गेली नाही. वस्तुचित्राच्या तासाला तर माझं सगळं आयुष्य एकाच गोष्टीत गेलं: चेंडू गोल दिसायला हवा, तेव्हा उजेडाच्या बाजूला फिका, पलीकडे गडद, मध्ये हळूहळू उतरत जा. इथे कुणीतरी बसून त्याच नियमाचा शेंडी ते बूड उलटा वापर केला होता. जिथे अंग वळतं तिथे पट्टा तोडलेला. जिथे सावली पडेल तिथे पांढरा. नाळेवर अशा रेघा की तिची धार नक्की कुठे आहे ते डोळ्याला पकडता येऊ नये. मी वहीत तीनदा तिचं तोंड काढायचा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा बोट माझ्याकडे यायच्या ऐवजी पलीकडे निघाली. विद्यार्थिनीनं असं काढलं असतं तर मी दहापैकी चार दिले असते.

शेजारची व्हिक्टरीही बघून घ्या. तिचा पिवळा आता फिकट गुलाबीकडे झुकलेला दिसतो. जुने थर तपासल्यावर ट्रॅफल्गारच्या लढाईच्या वेळचा रंग तसा होता असं निघालं, म्हणून २०१५ मध्ये तिला पुन्हा रंगवलं. यावर ह्यांनी किती थर निघाले, खरवडले कशानं, हे तिथल्या मुलीला विचारून भंडावलं.

जेवायला मासा आणि चिप्स. हर्णैच्या माणसापुढे उकडल्यासारखा पांढरा मासा पिठाच्या दुलईत आला. ह्यांनी पहिला घास घेतला, खिडकीबाहेर पावसाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताजा आहे." एवढंच. मी सॅकमधून लसणीची चटणी काढली. चटणीची डबी इंग्लंडमध्ये पासपोर्टइतकी जपा.

परतीची गाडी रद्द, पुढची तासाभरानं, तीही वाटेत उभी. डब्यात निळे टी-शर्ट घातलेली चार पोरं होती. नॉटिंगहॅमला भारत–न्यूझीलंड सामना नाणेफेकही न होता धुऊन गेला, हे त्यांच्याकडून कळलं. त्यांना आम्ही पट्टेवाल्या बोटीचे फोटो दाखवले. एक जण म्हणाला, "काकू, पण मग ही जास्तच दिसते ना?" हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो.

दिवस तिसरा: लिव्हरपूलकडे

युस्टनहून सव्वादोन तास. तिकीट महिनाभर आधी काढा, आयत्या वेळचा भाव ऐकून ह्यांनी मुंबई–रत्नागिरीच्या किती फेऱ्या होतील ते मोजलं.

संध्याकाळी फक्त जेवण. लिव्हरपूलच्या लोकांना स्काउझर म्हणतात ते इथल्या स्काउस नावाच्या रश्श्यावरून. खलाशांचं जेवण, मांस, बटाटे, गाजर, कांदा, जे असेल ते एका भांड्यात. माझ्यासाठी बिनमांसाचं आहे का विचारलं. वाढणाऱ्या बाई म्हणाल्या, आहे की, त्याला आम्ही आंधळा स्काउस म्हणतो! सोबत लाल कोबीचं लोणचं. बटाट्याची पातळ भाजी समजून खाल्लं तर चांगलं लागतं, वरून चटणी.

दिवस चौथा: मर्सी नदी

फोटोतली बोट इथली. नाव स्नोड्रॉप, मर्सी नदीवरची फेरी, १९५९ ची. महायुद्धाच्या शताब्दीनिमित्त काही चित्रकारांना खऱ्या बोटी रंगवायला दिल्या होत्या. त्यात बीटल्सच्या एका गाजलेल्या अल्बमचं मुखपृष्ठ करणाऱ्या पीटर ब्लेकना २०१५ मध्ये ही मिळाली. एकेक बाजू वेगळी, हे मूळच्या डॅझलसारखंच. तेव्हाही प्रत्येक जहाजाचा नमुना निराळा ठेवायचे, नाहीतर पाणबुडीवाले नमुने पाठ करतील.

पियर हेडला धक्क्यावर बसून मी ती येताना बघायचं ठरवलं. ह्यांना म्हटलं, वर्तमानपत्राची सुरळी करा, तो पेरिस्कोप. पाच मोजेपर्यंत बघायचं, मग डोळे मिटून हातानं दिशा दाखवायची.

खरं सांगते, जवळ असताना आम्ही फसलो नाही. पाण्याचा फेस दिसतो, झेंडा दिसतो, माणसं एका बाजूला उभी असतात. पण ती पलीकडच्या काठाजवळ, सीकम्बच्या बाजूला असताना आकाश भरून आलं, आणि त्या करड्या उजेडात मला ती उजवीकडे निघालेली वाटली, ह्यांना आपल्याकडे येणारी. भांडण होण्याआधी ती वळली. वळण पूर्ण होईपर्यंत दोघांपैकी कोण चुकलं तेच कळेना. शेजारी सँडविच खात बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "डावीकडे. मी चाळीस वर्षं बघतोय." त्यांना सुरळीची गरज नव्हती.

फेरी पन्नास मिनिटांची आहे. आम्ही वूडसाइडला उतरलो, तर तिथे धक्क्यालगतच खरी जर्मन पाणबुडी होती. मला हे माहीतच नव्हतं. पट्टेवाल्या बोटीतून उतरावं आणि दहा पावलांवर पाणबुडी! ही यू-५३४ दुसऱ्या महायुद्धातली. ५ मे १९४५ ला, युद्ध संपता संपता, ब्रिटिश विमानानं डेन्मार्कजवळ बुडवली आणि १९९३ मध्ये वर काढली. इथे आणताना तिचे तुकडे केले, आणि कापलेली तोंडं काचेनं बंद केली, त्यामुळे केक कापल्यावर थर दिसावेत तशी आतली सगळी भरणी दिसत होती. नळ्या, चाकं, झडपा, सगळं गंजून एकाच तपकिरी रंगाचं झालेलं. माणसाला उभं राहायला किती जागा होती, ते काचेला नाक लावून बघितलं. या सगळ्या पट्ट्यांचा प्रेक्षक तिथे, त्या नळीच्या टोकाशी होता. पाण्यात हलणारा, घाम आलेला, घाईतला. माझ्या ते तोवर मनातच आलं नव्हतं. मी आपली दिवसभर बोटीच्या बाजूनं बघत होते.

परतीच्या फेरीत ह्यांनी आपण होऊन विषय काढला. मुंबईत मशीद बंदराला खलाशांच्या वसतिगृहावरून ते वर्षानुवर्षं गेलेत. पहिल्या महायुद्धात ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर मिळाली नाही अशा दोन हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक तिथे आहे. इंग्रजांच्या कितीतरी व्यापारी बोटींवर कोळसा ओढायला आणि डेकवर आपले लोक असायचे, रत्नागिरीकडचे, गोव्याचे. "पट्टे वरून होते," हे म्हणाले. "खाली बॉयलरपाशी असलेल्याला आपली बोट कुठल्या रंगाची आहे हेसुद्धा माहीत नसेल." आणि जून १९१७ मध्ये मुंबईच्याच समुद्रात मंगोलिया नावाची टपालबोट बुडाली ती जर्मनांनी पेरलेल्या सुरुंगानं. सुरुंगाला डोळे नसतात, त्याला कसली हूल देणार?

दुपारी एडमंड गार्डनर. अल्बर्ट डॉकजवळच्या सुक्या गोदीत ही जुनी पायलटबोट, म्हणजे जहाजांना बंदराची वाट दाखवणाऱ्या वाटाड्यांची बोट, बसवलेली होती. पॅरिसमध्ये राहणारे व्हेनेझुएलाचे कार्लोस क्रूझ-दिएझ यांनी २०१४ मध्ये तिच्यावर हिरव्या, नारिंगी, काळ्या पट्ट्यांचं जाळं उभं केलं. चालत चालत बघा, रंग अंगावरून सरकल्यासारखे वाटतात. चित्र म्हणून मला ही स्नोड्रॉपपेक्षा जास्त आवडली. (आम्ही परत आल्यावर, २७ जुलैला, क्रूझ-दिएझ वारल्याची बातमी वाचली. पंच्याण्णव वर्षांचे होते.)

याच शहरातल्या गोद्यांत १९१७-१८ मध्ये एडवर्ड वॉड्सवर्थ हा चित्रकार नकाशे घेऊन उभा असायचा, आलेला नमुना जहाजावर नीट उतरतोय का बघायला. म्हणजे ह्यांनी पोर्ट्समथला सांगितलेला, लांबून ओरडणारा माणूस! युद्धानंतर १९१९ मध्ये त्यानं लिव्हरपूलच्या सुक्या गोदीतल्या पट्टेवाल्या बोटीचं तीन मीटर उंचीचं तैलचित्र केलं, ते आता ओटावाला आहे. मी ते फोनवर दाखवलं. मला पट्टे दिसले. ह्यांनी बोटांनी चित्र ताणून तळाशी नेलं आणि तिथे, बोटीच्या पायाशी, रंगारी सापडवले. "ही माझी माणसं," म्हणाले, आणि फोन बराच वेळ परत दिला नाही.

दिवस पाचवा: पुन्हा लंडन

रविवार. मँचेस्टरला भारत–पाकिस्तान, त्यामुळे स्टेशनवर निळं आणि हिरवं एकत्र उभं होतं, फोटो काढत होतं. आम्ही उलट्या दिशेनं.

दुपारी इम्पिरिअल वॉर म्युझियम. प्रवेश मोफत आहे, दारात दोन अजस्र नौदली तोफा. पहिल्या महायुद्धाच्या दालनात काचेआड डॅझलचं छोटं मॉडेल आहे. मोठी जहाजं पाहून आलेल्याला ते खेळणं वाटेल, पण मी पाच दिवसांत सगळ्यात जास्त वेळ तिथे उभी होते. रंगाला चकाकी नाही, आपल्या पोस्टर कलरसारखा मेलेला. कडा धारदार, पण एका ठिकाणी काळा पांढऱ्यावर केसभर सांडलाय, आणि रंगवणारीनं तो पुसलेला नाही. (रंगवणारीच, हे मी आपलं ठरवून टाकलं.) पेरिस्कोपमधून बघणाऱ्याला तेवढं कुठे दिसणार, असं तिला वाटलं असेल, किंवा पुढचं मॉडेल वाट बघत असेल. विल्किन्सननी नंतर चार हजारांवर व्यापारी आणि चारशे नौदली जहाजांचा आकडा सांगितला आहे.

एवढं करून उपयोग झाला का? नौदलानं १९१८ मध्ये समिती बसवली आणि तिला ठोस पुरावा मिळाला नाही. त्याच सुमारास जहाजं ताफ्यानं, संरक्षणात न्यायला सुरुवात झाली होती, त्यामुळे वाचली ती पट्ट्यांनी की सोबतीनं, हे वेगळं काढता येईना. बोटीवरच्या माणसांना मात्र धीर आला, हे समितीनंही मान्य केलं. श्रेयावरून भांडण झालं ते वेगळंच. ग्लासगोचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक जॉन ग्रॅहम कर यांनी १९१४ मध्येच चर्चिलना पत्र लिहून झेब्र्याचा दाखला दिला होता. १९२२ मध्ये सरकारी आयोगानं बक्षीस दिलं ते विल्किन्सनना, दोन हजार पौंड. पुढे रडार आलं. बेलफास्टनं डिसेंबर १९४३ मध्ये उत्तर ध्रुवाकडच्या अंधारात शार्नहोर्स्ट ही जर्मन युद्धनौका शोधली ती रडारवर, आणि रडारला निळा काय न् करडा काय.

माझं मत विचाराल तर मला करांपेक्षा विल्किन्सन पटतात. करांनाही पट्टे सुचले होते, पण त्यांना जहाज लपवायचंच होतं.

बाहेर आलो तेव्हा भाच्याचा मेसेज आला होता, रोहितचं शतक. सामना आपण एकोणनव्वद धावांनी जिंकला. ह्यांनी वाटेत दुकानातून मास्किंग टेपची दोन रिळं घेतली. कशाला, ते सांगितलं नाही.

परत आल्यावर

रविवारी माझ्याकडे चित्रकलेला अकरा मुलं येतात. पुठ्ठ्याच्या बोटी केल्या, प्रत्येकानं दोन्ही बाजूंना वेगळे पट्टे मारायचे. फिरता पाट म्हणून पोळपाट. पेरिस्कोप म्हणून बाथरूमच्या कामातून उरलेला पीव्हीसी पाइप. टेपची रिळं पहिल्या दहा मिनिटांत संपली आणि कडा सुरेख आल्या, हे मान्य करायला हवं.

पोरांनी पहिलं गिऱ्हाईक आजोबांना केलं. हे गुडघ्यावर बसले, एक डोळा मिटला, पाइपातून पाहिलं आणि छातीठोकपणे म्हणाले, "खिडकीकडे." बोट स्वयंपाकघराकडे निघाली होती. दुसऱ्यांदा चुकले. तिसऱ्यांदाही. मग उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, पोळपाट कोण फिरवतंय ते आधी मला बघू दे.